शुक्रवार, बँक बंद व्हायच्या आत

गोजराबाईंना नवनाथराव किती ओळखत होते, असं कुणी विचारलं तर त्यांना मान खाली घालावी लागेल. वीस वर्षं दर गुरुवारी त्यांच्याकडून शेवंती घेतली. पण माहेर कुठलं, भावंडं किती, हे कधी विचारलं नाही. मखमलाबादच्या पुढे त्यांचा फुलांचा मळा आहे, एवढं माहीत. आणि बँकेत कारकून असताना त्यांचं खातं आपणच उघडून दिलं, एवढं.

त्या शुक्रवारी दुपारी गोजराबाई रिकाम्या हातांनी दारात आल्या. सोबत सून, शुभांगी. धाप लागली होती, म्हणून पायरीवरच बसल्या.

"भाऊ, काळजाची झडप गेलीय म्हणत्यात. सोमवारी भरती व्हायचं, मंगळवारी कापाकापी."

नवनाथरावांनी तांब्या पुढे केला. "पाणी घ्या," म्हणाले.

"ऑपरेशन सरकारी योजनेत बसंल. वरची औषधं, रक्त, तपासण्या आपल्या. दीड लाख हायेत माझ्या खात्यात, फुलांचे. मी आडवी पडले की ही काढील. वारस हीच लावलीय ना तुम्ही?"

वारसाचा रकाना नवनाथरावांनीच भरला होता आणि वर म्हणाले होते, 'आता काळजी नको.'

"बाई, वारसाला पैसे मिळतात ते..." नवनाथरावांनी शुभांगीकडे पाहिलं. "तुम्ही असेपर्यंत नाही मिळत."

गोजराबाईंनी दोन्ही हात पदरात ओढून घेतले. "म्हंजी मी मेल्यावर? मग औषधाला काय उपेग त्याचा?"

पैसे काढायचं कार्ड गोजराबाईंनी कधी घेतलं नव्हतं. गावातल्या दुकानात मशिनवर अंगठा टेकवायचा आणि पैसे घ्यायचे, ही सवय. आता अंगठा अतिदक्षता विभागात राहणार आणि बिलं शुभांगीच्या हातात येणार.

"आजच सगळे काढू का, आत्या?" शुभांगीने विचारलं.

"घरात नको गं बाई. तुझा सासरा दुसऱ्या दिवशी ठिबकच्या नळ्या घेऊन यील. लय हौस त्याला." त्या हसायला गेल्या आणि खोकत राहिल्या.

उपाय एकच होता. खात्यावर शुभांगीचं नाव चढवायचं, दोघींपैकी कुणालाही पैसे काढता येतील असं. पण त्यासाठी गोजराबाईंनी स्वतः बँकेत जायला हवं. उद्या दुसरा शनिवार, परवा रविवार. पावणेतीन वाजले होते.

बँकेच्या खिडकीवरच्या तरुणाने फॉर्म चाळला. "मंगळवारी या. साहेब मीटिंगला गेलेत, सोमवारी रजेवर आहेत."

नोकरीच्या पस्तीस वर्षांत नवनाथरावांनी कुणापुढे आवाज चढवला नव्हता. तो आताही चढला नाही, नुसता कापला. "मंगळवारी ह्या बाई ऑपरेशनच्या टेबलावर असतील. तुमचा फॉर्म घेऊन तिथं जाऊ का मी?"

गोजराबाईंचा चेहरा पांढरा पडला. आपण हे काय बोलून बसलो, असं नवनाथरावांना झालं. पण तरुणाने फोन उचलला.

साहेब चारला दहा कमी असताना आले. गोजराबाईंचा अंगठा इतका थरथरत होता की पहिला ठसा फिसकटला. शुभांगीने मनगट धरलं, तेव्हा दुसरा उमटला.

"आता हिला मिळतील ना? नक्की?" गोजराबाईंनी तीनदा विचारलं. नवनाथराव तीनदा "नक्की" म्हणाले, पण स्वतःच्याच शब्दावर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

मंगळवारी शुभांगीला पैसे मिळाले, रक्तही वेळेवर आलं. गोजराबाई मात्र पुन्हा शुद्धीवर आल्या नाहीत. त्यांचं आणि नवनाथरावांचं शेवटचं बोलणं शुक्रवारी बँकेबाहेर झालं. रिक्षा मळ्याकडे जाणार होती, नवनाथरावांचं घर उलट्या बाजूला.

"तुम्ही कसं जाल, भाऊ?" आत बसता बसता त्यांनी विचारलं.

"बसनं. समोरच थांबा आहे."

"लय ऊन हाय. तिकडं सावलीला उभं राहा."

"बरं," नवनाथराव म्हणाले.