नातेवाईकांनी बाहेर बसा

वच्छलाबाई मूळची उमरेडच्या विणकरांच्या घरची. माग बंद पडला तशी नागपुरात एका सोनोग्राफी सेंटरला मदतनीस लागली, त्याला आता एकोणीस वर्षं झाली. नावं पुकारायची, पोटावर जेल लावायचं, पुसायचं. एक काम मात्र तिनं स्वतःच्या अकलेनं वाढवून घेतलेलं. डॉक्टर मॅडम पडद्याकडे बघत "हे हृदय, हा हात" असं बोलत असायच्या. त्या गप्प झाल्या की वच्छलाबाई ओळखायची, काहीतरी बिनसलं. लगेच सासू-नवऱ्याला दाराबाहेर काढायची, "चला, नातेवाईकांनी बाहेर बसा!" बाई रडत बाहेर आली की पाठीवरून हात फिरवायची, "काही नाही होत वं." बस्स, पुढचं नाव!

त्या मंगळवारी टेबलावर तिचीच लेक होती, दामिनी. पाचवा महिना, पहिलंच बाळंतपण. मॅडमच्या हातातलं यंत्र बाळाच्या कमरेखाली सरकलं आणि मॅडम गप्प झाल्या. दामिनीला आलं हसू.

"आई, पोरगा का पोरगी ते दिसलं असन त्यायले. म्हणून लपवून राहिल्या."

पोरीचं तरी काय चुकलं? ते सांगणं गुन्हा आहे अशी पाटी तिच्या डोक्यावरच लटकत होती. वच्छलाबाईला मात्र त्या गप्प होण्याचा अर्थ ठाऊक होता. पण मेली सवय जाते कुठे! तोंडातून निघूनच गेलं, "चला, नातेवाईकांनी बाहेर बसा."

खोलीत चौथं कोणीच नव्हतं.

"वच्छलाबाई," मॅडम हळूच म्हणाल्या, "आज नातेवाईक तुम्हीच आहात. बसा."

बाळाच्या माकडहाडापाशी गाठ होती, लिंबाएवढी. जन्मानंतर ऑपरेशन करून काढता येते. पण पोटातच झपाट्यानं वाढली, तर बाळाच्या हृदयावर ताण येतो. दर आठवड्याला बघावं लागेल. वच्छलाबाईला ऐकू सगळं येत होतं, आत पोचत काहीच नव्हतं. रडूसुद्धा येईना. तिनं जेल पुसलं. पुन्हा पुसलं. कोरड्या पोटावर कागद फिरवत राहिली.

दामिनीनं तिचं मनगट धरलं. "आई, तू तं इथं किती बाया पाहिल्या. अशी लेकरं वाचतेत नं?"

"काही नाही होत" ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. त्या बायांचं पुढे काय झालं, हे एकोणीस वर्षांत तिनं एकीलाही विचारलं नव्हतं.

"मले नाही माहीत वं," ती म्हणाली, आणि स्टूल ओढून लेकीजवळ बसली. बाहेर कोणीतरी विचारत होतं, पुढचा नंबर कोणाचा.