सरईच्या बुडाची माती

आमचे हे, म्हणजे अंबादासजी, तसे शांत माणूस. पण झाडांच्या बाबतीत कोणाचं ऐकतील तर शपथ! मंडला रोडवरच्या एका नर्सरीत एकोणतीस वर्षं माळी. सरई म्हणजे साल वृक्ष, झाड मोठं नखरेल. दुसऱ्यांची रोपं मरायची, यांची जगायची. कारण साधं होतं. नर्सरीमागं एक म्हातारी सरई होती. दर जूनमध्ये हे तिच्या बुडाची टोपलीभर माती आणायचे आणि प्रत्येक रोपाच्या पिशवीत एकेक मूठ घालायचे. खणण्याआधी चपला काढायचे. मी म्हणायची, "देवघरापुढं काढत जा तेवढ्या!"

आषाढात त्याच सरईखाली पुटू निघायचे, बोराएवढी गोल भूछत्रं. गमछ्यात बांधून आणायचे. त्याचा रस्सा मी असा करायची, की मटण झक मारेल.

मग वरच्या उतारावर म्हशींची डेअरी आली. शेणामुताचं पाणी नाल्यानं खाली येऊ लागलं. सगळे नाक दाबून शिव्या देत, हे मात्र खूश. "सत्यभामा, फुकटचं सोनं वाहून जाऊन राहिलं!" तीन रविवार खपून यांनी नाल्यापासून थेट सरईच्या बुडापर्यंत चर खोदला. मीच डबा नेऊन द्यायची, वर कौतुकही करायची. अक्कल गहाण टाकली होती दोघांनी.

दोन वर्षं सरई काय हिरवीगार! तिसऱ्या आषाढात पुटू निघाले मोजून दोन, पुढच्या वर्षी एकही नाही. यांची रोपं पिशवीत तरारायची आणि रानात लावली की वैशाखात वाळून जायची. यांना वाटलं, माती कमी पडते. एका मुठीच्या दोन केल्या.

शेवटी शेजारची ज्योती आली. कॉलेजात जंगलाचंच शिकते पोरगी. तिनं रोपाची मुळं धुऊन भिंगाखाली धरली. म्हणाली, मुळांवर पांढऱ्या बुरशीचं पातळ वेष्टण असायला पाहिजे. लांबून पाणी तीच ओढून आणते, झाड तिला साखर देतं. पुटू हे तिचंच फळ, आणि यांच्या मुठीतल्या मातीतून तीच रोपांना मिळायची. इथं मुळं उघडीबोडकी होती. शेणपाण्यात नायट्रोजन फार. "काकाजी, पेड़ को सब ऊपर से मिल गया, तो उसने इन्हें खिलाना छोड़ दिया."

"मग आता?"

"चर बुजवा. मग वाट पाहायची. दहा वर्षं, जास्तही... पता नहीं."

यांच्या नोकरीचे राहिले होते चौदा महिने.

त्याच दिवशी चर बुजवला. पण पाण्याला वाट सापडली होती, ते बाजूनं फुटून पुन्हा बुडाशीच. डेअरीवाल्याचे पाय धरायचे बाकी ठेवले यांनी. तो म्हणाला, "भैया, नाली तो आपने ही खोदी थी न?" घरी येऊन हे जेवले नाहीत. मी ताट झाकून ठेवलं.

निरोपाच्या दिवशी लोकांनी हार घातला आणि भेट म्हणून यांच्याच हातचं सरईचं रोप दिलं. यांनी दोन्ही हातांनी घेतलं. आणून अंगणात लावलं. येणारे-जाणारे म्हणतात, "वा, काय तजेला आहे!" हे नुसते मान हलवतात, सकाळ-संध्याकाळ पाणी घालतात.

परवा म्हणाले, "वैशाखात तू नागपूरला भावाकडं जाऊन ये, महिनाभर."

एरवी "काहून?" म्हणून भांडली असती मी. या वेळी अंगणातल्या रोपाकडं पाहिलं आणि नुसतं हो म्हटलं.