सुतार की उतार

माझी मुलगी दुसरीत गेली तेव्हाची गोष्ट. रोज संध्याकाळी मी तिला श्रुतलेखन घालायची. पुस्तक तोंडासमोर धरून मी वाचायची, ती खाली मान घालून लिहायची. एके दिवशी मी ‘सुतार’ म्हटलं, तिनं ‘उतार’ लिहिलं. ‘सावली’चं ‘आवली’ झालं, ‘शेपटी’ची ‘एपटी’. ‘शाळा’ आणि ‘साखर’ मात्र अगदी बरोबर होते. रोज डोळ्यांसमोर असणारे शब्द तिला येत होते, नवे तेवढे चुकत होते.

“काहून टेन्शन घेऊन राहिली वं?” नवरा म्हणाला. “घाई करते पोरगी, बाकी काही नाही.”

मीही तसंच धरून चालले. पहिलीत तिची अशी एकही चूक झाली नव्हती, याचा विचार तेव्हा माझ्या मनात आला नाही.

ऑक्टोबरचं ऊन तापत होतं. त्यामुळे मी चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळून स्कूटी चालवायची. त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून मी तिला म्हटलं, “डबा घे, आणि सुटल्यावर इथंच थांबजो.” ती हलली नाही. मी पुन्हा सांगितलं. तिनं हात वर केला, माझ्या तोंडावरचा दुपट्टा खाली ओढला आणि म्हणाली, “हां, आता बोल.”

श्रुतलेखनाच्या वेळी पुस्तकही मी तोंडासमोरच धरायची.

संध्याकाळी मी तिच्या पाठीमागे उभी राहून ‘सुतार’ म्हटलं. तिनं ‘उतार’ लिहिलं. मग समोर बसले आणि तेवढ्याच आवाजात तोच शब्द म्हटला. माझ्या ओठांकडे बघत तिनं ‘सुतार’ लिहिलं. परत मागे गेले, परत ‘उतार’. नवरा दारात उभा राहून बघत होता.

सदर भागातल्या एका कानाच्या दवाखान्यात तिला काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सुरुवातीला ती भराभर दाबत होती. मग तपासणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की पोरगी त्यांचा चेहरा बघून अंदाज बांधते आहे. त्यांनी तिची खुर्ची भिंतीकडे वळवली. बाई बाहेरून बारीक आवाज सोडत राहिल्या. माझी मुलगी बटणावर अंगठा ठेवून, पाठ ताठ करून वाट बघत बसली होती. अंगठा हलतच नव्हता.

“स, श, फ असे बारीक आवाज तिच्यापर्यंत पोचत नाहीयेत,” श्रुतलेखनाची वही चाळत बाई म्हणाल्या. “पहिलीत असताना अशा चुका व्हायच्या?”

“नाही.”

त्यांनी तपासणीच्या कागदावरच्या उतरत्या रेघेवर बोट ठेवलं. “म्हणजे हे वाढतंय.”

“किती वाढेल?”

“आत्ता सांगता नाही येत. कानांना यंत्रं लावू, आणि दर काही महिन्यांनी तपासत राहू.”

यंत्रं लावली त्या दिवशी ती घरभर दरवाजे उघडबंद करत फिरली. “आई, कुकरची शिट्टी केवढी मोठी आहे!” त्या दिवशी आम्ही खूप हसलो. पुढच्या तपासणीत मात्र कागदावरची रेघ आणखी खाली आली होती. आता ‘क’ आणि ‘ट’ही पुसट झाले होते. बाईंनी यंत्रांचा आवाज वाढवून दिला.

तेव्हापासून आम्ही दोघं तिला शब्द शिकवतो. पुस्तकातले, पुस्तकाबाहेरचे, सुचतील ते सगळे. तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून नवरा एकेक शब्द मोठ्यानं म्हणतो, ती तो परत म्हणते, मग लिहिते. कामावरून तो कितीही थकून आला तरी यात खाडा होत नाही.

परवा तिनं पेन्सिल खाली ठेवली. “बाबा, मले एवढे शब्द काहून शिकवून राहिले तुम्ही?”

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाला, “आता तिसरी लागते ना बेटा. कठीण असते तिसरी.”

त्याचं बोलून झालं, तरी ती बराच वेळ त्याच्या ओठांकडे बघत राहिली.