घाटाचा सिंह आणि त्याचा गुडघा

माझा नवरा साबिरकूल तीस वर्षं तोओ-आशूच्या घाटातून बिश्केकला टॅक्सी नेतोय, आणि तीस वर्षं त्याच्या बढाया ऐकून मला शिसारी येतेय. घाटाखाली सुसामीरला रस्त्याकडेला मी घोडीचं आंबवलेलं दूध विकते. जळक्या ब्रेकचा वास आणि ड्रायव्हरांच्या फुशारक्या मला तिथे फुकट मिळतात.

"ऑटोमॅटिक? ती बायकांची गाडी," हा दर उतारूला सांगायचा. "पुरुषाने गिअर स्वतः टाकावा."

मग डावा गुडघा सुजून भोपळा झाला. डॉक्टर म्हणाले, क्लच सोडा, नाहीतर टॅक्सी सोडा. आमची चूल त्या टॅक्सीवर पेटते. मी दोन घोड्या विकून ऑटोमॅटिक आणली. सुरुवातीला सवयीने हा क्लच समजून डाव्या पायाने ब्रेक दाबायचा आणि उतारू पुढच्या सीटवर आपटायचे. महिन्याभरात तेही थांबलं, गुडघ्याची सूजही उतरली.

हे टॅक्सीतळावरच्या दुसऱ्या ड्रायव्हरला, जुमागाझीला, बघवलं नाही. आपल्या नातवाला पाळण्यात घालायच्या जेवणात त्याने सर्वांत थोरल्या पाहुण्याच्या मानाचं मेंढ्याचं डोकं, पंगतीत तीन वडीलधारे बसलेले असताना, माझ्या नवऱ्यापुढे ठेवलं.

"घ्या आके, थोरले दादा! घाटाचे सिंह तुम्ही. सिंहाला ही म्हातारीची गाडी शोभते का? माझी घ्या, खरी गिअरची. तुमची मी वापरीन, आम्ही काय, साधी माणसं."

"आधी गुडघा बघा त्यांचा!" मी बायकांतून ओरडले.

"जेंगे, माझ्या वहिनी, तुम्ही चहा ओता," जुमागाझी म्हणाला आणि सगळे हसले. माझा नवराही हसला! हनुवटीवरून चरबी ओघळत होती आणि हा हसत होता. लगेच गाड्यांच्या अदलाबदलीवर दुवा झाली, तळवे चेहऱ्यावरून फिरले. तळवे फिरले की माघार नाही.

चौथ्या दिवशी घाटमाथ्यावरच्या बोगद्यात गाड्या तुंबल्या. दोन हात पुढे सरकायचं, पुन्हा क्लच, पुन्हा क्लच. गुडघ्याने मान टाकली. उतारू धुराने खोकत, शिव्या घालत उतरले आणि मागून आलेल्या जुमागाझीच्या गाडीत बसले. माझ्या दोन घोड्यांच्या गाडीत!

मी जुमागाझीच्या दारात गेले. "दुवा झालीय, जेंगे," तो दात कोरत म्हणाला. मी त्याच्या उंबऱ्यावर थुंकले.

"तू जाऊन गाडी परत माग, म्हाताऱ्या," घरी येऊन मी म्हटलं.

"शब्द म्हणजे शब्द."

"मग चालव."

तो गुडघा चोळत बसला. शेवटी पन्नाशी उलटल्यावर मीच गाडी शिकले, परवाना काढला. स्टिअरिंग मी धरते, क्लच-ब्रेक मी दाबते. गिअरच्या दांड्याला मात्र तो मला हात लावू देत नाही. शेजारी बसून तेवढा हलवतो.

काल एका उतारूने विचारलं, "एवढ्या घाटात गाडी तुम्ही चालवता, आजी?"

"छे, चालवतो मी," साबिरकूल म्हणाला. "हिला पेडलवर पाय ठेवायला बसवलीय."

मी बोगद्याच्या तोंडाशी गाडी बंद केली आणि दोन्ही पाय वर घेऊन बसले. मागे हॉर्न सुरू झाले. तो दांडा धरून समोर बघत होता.

"चल ना गं," शेवटी म्हणाला. उतारूंना ऐकू जाऊ नये इतकं हळू.