कोण आलंय बघ

मालतीकाकूंचा फोन आला तेव्हा मी सेंटरवर एका व्हीलचेअरचा ब्रेक दुरुस्त करत होते. त्या अगदी हळू बोलत होत्या.

"अगं, तुझ्या मशीननं आज पुन्हा मला दार उघडायला लावलं."

"म्हणजे काय, काकू?"

"हे आतल्या खोलीत पडले होते. मी भाजी चिरत होते. बाहेरच्या खोलीतून यांचा आवाज आला, 'मालती, कोण आलंय बघ.' गेले, दार उघडलं, तर कोणी नाही. रोज दुपारी हेच चाललंय."

काकूंचे यजमान, भास्कर पाटणकर, बोलू शकत नव्हते. हिवाळ्यात त्यांना स्ट्रोक आला, त्यात उजवा हात गेला आणि वाचाही गेली. समजायचं सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. त्यांच्यासाठी ते मशीन मीच तयार केलं होतं, आणि त्यात असं वाक्य मी घातलंच नव्हतं.

मी रिहॅबिलिटेशन इंजिनिअर आहे. ज्यांना बोलता, चालता, धरता येत नाही, त्यांना वापरता येतील अशी साधनं जुळवून देणं हे माझं काम. लखनौच्या आमच्या छोट्या सेंटरमध्ये मराठी बोलणारी मी एकटीच, म्हणून ही केस माझ्याकडे आली. पाटणकर मूळचे साताऱ्याचे. मुलगा निनाद इथे नोकरीला, म्हणून आता मानक नगरच्या क्वार्टरमध्ये त्याच्याकडे राहायचे.

आधी टॅबलेट देऊन पाहिला होता. डाव्या हाताचं बोट जरा थरथरलं की स्क्रीन भलतीकडेच जायची. काका वैतागून डोळे मिटून घ्यायचे. मग निनादनं कपाटातून त्यांचा जुना हँडहेल्ड काढला. हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, खऱ्या बटणांचा. काकांना त्यासाठी स्वतः छोटे गेम लिहायचा नाद होता. कंपनीनं न काढलेल्या, हौशी माणसानं लिहिलेल्या अशा प्रोग्रामला होमब्रू म्हणतात. तो चालवायला फ्लॅश कार्ट्रिज लागतं. ते दिसायला मशीनच्या खाचेत बसवायच्या गेमच्या कार्ट्रिजसारखंच असतं, पण आत आपल्याला हवा तो प्रोग्राम भरता येतो. काकांचं स्वतःचं एक होतंच, आम्ही तेच वापरलं.

नातीसाठी केलेल्या एका गेममध्ये काकांनी स्वतःच्या आवाजात शब्द रेकॉर्ड केले होते. हो, नको, पाणी, थांब, असे. ते रेकॉर्डिंग निनादच्या कॉम्प्युटरवर सापडलं. त्यातून मी कामाचे शब्द घेतले आणि एकेका बटणावर बसवले. काकांनी अंगठ्यानं पहिलं बटण दाबलं आणि त्यांचाच आवाज म्हणाला, "पाणी." निनाद उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला होता.

आता तोच हँडहेल्ड बाहेरच्या खोलीच्या खिडकीत उपडा पडला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेले तेव्हा काका आत खुर्चीत बसले होते.

"काका, ते वाक्य तुम्ही दाबता का?"

त्यांनी डाव्या हातानं स्वतःच्या छातीवर थाप मारली आणि मान हलवली. तो मी नाही.

"पापा अब उसे हाथ ही नहीं लगाते," निनाद म्हणाला. लखनौत राहून त्याच्या बोलण्यात हिंदी मिसळली होती. "पाणी हवं असलं तरी नाही. और मम्मी को लगता है…"

"मला काही वाटत नाही," काकू म्हणाल्या. "पण यांच्या आवाजात हाक आली की मी बसून नाही राहू शकत."

निनाद म्हणत होता ते जास्त गंभीर होतं. असा पेशंट एकदा साधन टाकून देतो, तेव्हा बहुतेक वेळा बोलायचा प्रयत्नही टाकून देतो. मग त्याला परत आणणं फार कठीण जातं.

आम्ही हे बोलत असतानाच बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"मालती, कोण आलंय बघ."

स्पष्ट आवाज होता, किंचित त्रासलेला. कामात गढलेला माणूस मान वर न करता बोलतो, तसा. काका माझ्यासमोर बसले होते आणि त्यांचे ओठ मिटलेले होते.

काकू उठल्या.

"मम्मी, बैठो ना," निनाद म्हणाला.

त्या गेल्याच. दाराची साखळी वाजली. "कोणी नाही," त्या बाहेरून म्हणाल्या. काका दाराकडे पाहत नव्हते. ते माझ्याकडे पाहत होते.

हँडहेल्ड मी सेंटरवर घेऊन गेले. मूळ रेकॉर्डिंग उघडलं आणि या वेळी हेडफोन लावून पूर्ण ऐकलं. 'थांब' हा शब्द झाल्यावर बराच वेळ शांतता होती, आणि मग ते वाक्य. काकांनी रेकॉर्डिंग करता करता काकूंना हाक मारली असणार. मी शब्द घेताना कुठून कुठपर्यंत वाजवायचं एवढंच ठरवलं होतं, पण कार्ट्रिजमध्ये फाइल पूर्ण गेली होती. वाक्य कुठून आलं, ते कळलं.

त्यापुढे चपलांचा आवाज होता. साखळी वाजली. मग लांबून काकूंचा आवाज, "कोणी नाही." आदल्या दिवशी मी ऐकला होता, अगदी त्याच सुरात. मी मागे जाऊन हाकेच्या आधीची शांतता पुन्हा ऐकली, आवाज वाढवून ऐकली. बेल नव्हती. दारावर थापही नव्हती.

"क्या हुआ?" आमच्या हेड सक्सेना मॅडमनी विचारलं.

"कुछ नहीं, मॅम," मी म्हटलं आणि हेडफोन काढून ठेवले.

पण मशीन आपोआप का बोलत होतं? कुठला शब्द कुठून कुठपर्यंत वाजवायचा, हे आकडे कार्ट्रिजच्या सेव्ह मेमरीत होते. जुन्या कार्ट्रिजमध्ये ही मेमरी एका नाण्याएवढ्या बॅटरीवर जिवंत असते. काकांच्या कार्ट्रिजमधली बॅटरी संपत आली होती आणि एक आकडा बिघडला होता. मशीन सुरू झालं की ते 'हो' म्हणेल, अशी सोय मी केली होती. म्हणजे चालू झाल्याचं काकांना कळावं. बिघडला तो नेमका त्या 'हो'चा आकडा, म्हणून 'हो'च्या जागी ते वाक्य वाजायचं. पण दिवसभर चालू असलेलं मशीन दुपारी पुन्हा सुरू कशानं होत होतं?

घरी ते खिडकीत असायचं, म्हणून मी ते उन्हात ठेवलं. काही झालं नाही. मग हेअर ड्रायरनं कार्ट्रिज तापवलं. आत कुठेतरी सुटत आलेला सोल्डरचा टाका तापल्यावर निसटला, स्क्रीन गेली, पुन्हा आली.

"मालती, कोण आलंय बघ."

सक्सेना मॅडमना मराठी येत नाही. तरी त्यांनी वळून दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मग नवीन कार्ट्रिजचा प्रश्न आला. टेबलावर तीन प्रकार ठेवले. एकात घड्याळ होतं, मेमरी कार्ड होतं आणि फाइलींचा मोठा मेनू. काका त्या मेनूतच हरवले असते, शिवाय ते मशीनची बॅटरीही भराभर खायचं. दुसऱ्यातली सेटिंग्ज पुढच्या वेळी सुरू केल्यावर कार्डावर उतरायची. मध्येच बॅटरी उतरली तर बदल गेले. तिसरं अगदी साधं होतं. त्याला कार्ड नाही, मेनू नाही. कॉम्प्युटरला जोडून एकच प्रोग्राम भरायचा. सेव्ह मेमरीला बॅटरी लागतच नव्हती.

"इसमें एक ही प्रोग्राम चलेगा?" मॅडमनी विचारलं.

"उन्हें एक ही चाहिए."

तिसरं घेतलं. बराच वेळ ड्रायरखाली धरलं, ते एकदाही बंद पडलं नाही. पण त्यात काय भरायचं, हे मी एकटीनं ठरवणार नव्हते. मानक नगरला जाऊन तिघांना सगळं समजावलं.

"हटा दीजिए वो लाइन," निनाद म्हणाला.

"राहू दे ना," काकू म्हणाल्या. "यांच्या आवाजातलं तेवढंच एक अख्खं वाक्य आहे. त्यात माझं नाव आहे."

मी मशीन काकांच्या हातात दिलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी ते धरलं आणि बटण दाबलं. "नको."

"काढू नको की ठेवू नको?" काकूंनी विचारलं. फक्त हो-नको म्हणू शकणाऱ्याला असं दोन्ही एकदम विचारायचं नसतं.

"काका, वाक्य काढून टाकू?" मी विचारलं.

"हो."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांड्यांचा आवाज येत राहिला. मी खाली वाकून विचारलं, "पूर्ण वाक्य काढते. त्यातलं फक्त 'मालती' ठेवू का? एका बटणावर, तुम्ही दाबाल तेव्हाच?"

त्यांचा अंगठा हलला. "हो."

आता ते मशीन दाबल्याशिवाय बोलत नाही. काका पाणी मागतात, भाजीला नको म्हणतात, आणि 'मालती'चं बटण इतकं वापरतात की काकू तक्रार करतात. हाक मारून काहीच मागत नाहीत म्हणे, नुसते बघत बसतात.

अशा कामाला कुठलं कार्ट्रिज घ्यावं, असं मला अजूनही विचारतात. बॅटरीवर मेमरी असलेलं घेऊ नका. मेनूवालं घेऊ नका. पेशंटच्या हातात देण्याआधी तापवून बघा, आणि रेकॉर्डिंग आधी शेवटपर्यंत ऐका. दाराशी कोणी आलंय, हे रेकॉर्डिंगच्या त्या दिवशी काकांना कशावरून वाटलं होतं, ते मी त्यांना विचारलेलं नाही. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला त्यांच्या मशीनवर बटण नाही.