चूलबंद गुणाकार

न्हावऱ्यात पाइप-मोटारींचं दुकान चालवलं की मालापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्याकडचे निम्मे वैशालीचे. ती आमच्या काउंटरवर बसते. दहावीच्या गणितात दोनदा नापास झालेली. आयटीआयला इलेक्ट्रिशियन व्हायचं, तर दहावी हवीच. तिच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, स्पष्ट सांगितलेलं, "ह्या टायमाला निघालं तर निघालं. पुन्यांदा फॉर्म न्हाई." मी आठवीतनं सुटलेला, पण गाइड वाचून गणित शिकलेला. तिला शिकवायचं मीच अंगावर घेतलं.

*

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "आधी छेद उडवायचा." वैशालीनं खोडरबर घेतलं आणि रेघेखालचं सगळं पुसून टाकलं.

"उडवला, मामा."

*

राहू गावचे एक आप्पा दुसरी मोटर घ्यायला आले. एक मोटर टाकी तीन तासांत भरते, दुसरी सहा तासांत. दोन्ही लावल्या तर किती तास, मी विचारलं. आप्पांचं उत्तर तयार, "तीन आन् सहा, नऊ."

"म्हंजी दुसरी मोटर लावली की टाकी उशिरा भरती व्हय?" वैशालीनं विचारलं. मग पावतीच्या मागं मांडलं: १/३ + १/६ = १/क्ष. सगळ्याला सहा-क्षनं गुणलं, छेद गेले, क्ष आला दोन.

आप्पा हसत गेले. दुसऱ्या दिवशी फोन आला, "त्या पोरीला म्हणावं, दोन तास झालं आन् टाकी वाहाया लागली."

*

परीक्षा आठ दिवसांवर आली तरी एक चूक जाईना. छेदवाल्या पदांना गुणायची, एकटा आकडा तसाच सोडायची.

शेवटी विचारलं, "तुमच्या वस्तीवर जागरणाचं आवतान कसं देतात?"

"चूलबंद. घरातलं एकबी माणूस मागं ठेवायचं न्हाई."

मी वहीतल्या एकट्या आकड्यावर बोट ठेवलं, "मग ह्या पाचाला का मागं ठेवलंस?"

तिनं वही ओढून घेतली. "आगं बया, ह्यो पाच उपाशीच राहिला की."

*

पेपर शिरूरला होता. आबा आणि मी गेटवर उभे. पोरी बाहेर येत होत्या, "त्या छेदाच्या गणिताचं तीन आलं ना?" "तीनच." वैशाली सगळ्यांच्या मागनं आली.

"माझं तीन न्हाई."

आबांनी गाडीचं हँडल घट्ट धरलं. मी प्रश्नपत्रिका घेतली. क्ष/(क्ष−३) + २ = ३/(क्ष−३). गाडीच्या सीटवर ठेवून सोडवलं. तीन.

"तीनच येतंय गं."

"येतंय की. पण मामा, ते तीन खालच्या क्षच्या जागी घालून बघा."

घातलं. तीनातनं तीन गेले. खाली शून्य. शून्यानं भागायचं कसं? तीन बाद झालं. पुन्हा वरपासून सोडवलं, दुसरा आकडा निघेना.

आबांना राहवेना. "मग उत्तर काय हाय?"

"काही नाही," मी म्हणालो.

आबांचा चेहरा उतरला. वैशाली पदर खोचून गाडीवर मागं बसली.

"तेच लिवलंय, आबा."