नाना राऊळांच्या दारावरच्या करवंट्या

नाना राऊळांनी उभ्या जन्मात हुतूतूची एक चढाई केली नव्हती. पण लालबागपासून भोईवाड्यापर्यंत कुठल्या मंडळाचा कुठला गडी कुठल्या पायावर कच्चा, हे त्यांना बायकोच्या वयापेक्षा पक्कं ठाऊक. त्यांची खोली आमच्या शेजारची, मधे नुसती फळ्यांची भिंत. त्यामुळे नानांचं भाषण ऐकायला मला कुठे जावं लागलं नाही. हुतूतूत एका दमात जायचं आणि एका दमात परतायचं असतं. नाना दम्याचे, जिना चढले की कठडा धरून उभे राहायचे. बोलायला लागले की मात्र त्यांचा दम तुटलेला आम्ही कधी पाहिला नाही.

मी कालिंदी. नाना ज्या गिरणीत घडी खात्यात, तिथेच मी वायंडिंगला. म्हणजे घरी नाना, गेटवर नाना, सुट्टीच्या दिवशी गॅलरीत नाना. माझं नशीब बघा कसं ते.

छप्पन साली नाना सत्याग्रह बघायला म्हणून फोर्टात गेले. पोलिसांनी गर्दीसकट त्यांना लॉरीत कोंबलं आणि मुलुंडच्या पलीकडे नेऊन सोडून दिलं. चालत आले बिचारे, पायाला फोड घेऊन. तेव्हापासून त्यांचं दर वाक्य ‘मी आत होतो तेव्हा’ असं सुरू व्हायचं. आत म्हणजे लॉरीच्या आत, हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं. पण माणूस संयुक्त महाराष्ट्र समितीचा, झेंडा घेऊन पुढे चालणारा, म्हणून कुणी काही बोलत नसे.

आता करवंट्यांचं सांगते. आमच्या अंजनीसुत मंडळाचा रिवाज असा, की माघातल्या स्पर्धेच्या दिवशी वस्ताद आणि संघनायक दोघेच व्यायामशाळेत जायचे, दार लावून घ्यायचे आणि वस्तादाने मारुतीपुढे नारळ फोडायचा. मग खोबऱ्याचं ताट बाहेर यायचं. त्यातला मोठा तुकडा नानांचा, आणि अर्धी करवंटीही त्यांचीच. ती भोक पाडून दारावरच्या माळेत ओवायची. वस्तादाच्या हातचा नारळ, दम्याला उतार पडतो म्हणायचे. माळेत नऊ करवंट्या झाल्या होत्या. वारा आला की त्या खडखडायच्या आणि माझं पोर झोपेतून दचकायचं.

हे वस्ताद म्हणजे रामजी. मोठा रुबाबदार माणूस, उजवा हात सदा कोटाच्या खिशात. सत्तावन्नच्या दिवाळीनंतर ते वारले. दहाव्याला दादरच्या किनाऱ्यावर पिंडाला कावळा शिवेना. आमचे हे तिथे होते, त्यांनी सांगितलं. ऊन डोक्यावर आलं, सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडायला लागले, पण खरा कावळा काही येईना. तेव्हा नाना पुढे झाले आणि हात जोडून म्हणाले, वस्ताद, काळजी करू नका, तुमच्या मनातला माणूसच तुमच्या जागी बसवू. कावळा झपकन उतरला.

परत येताना नानांनी नावांची चर्चा सुरू केली. कुणीतरी म्हणालं, वस्तादांच्या मनात कोण होतं ते तर सगळ्यांना माहीत आहे. त्यावर नाना म्हणाले, कावळ्याने काही नाव सांगितलं नाही.

या सगळ्यात नानांचं स्वतःचं काय अडलं होतं, ते ऐका. त्यांचा मुलगा आनंदा एकवीस वर्षांचा, मंडळाचा पहिला चढाईवाला. गिरणीत बदली कामगार. रोज सकाळी भोंग्याच्या आधी गेटबाहेर उभं राहायचं; कुणी गैरहजर असला तर आत घेणार, नाहीतर घरी. नाना बावीस वर्षांचे परमनंट. रोज सकाळी बाप डबा घेऊन आत जाणार आणि मुलगा बाहेर उभा. हे मी रोज बघायची. यंदा गिरणीचे लेबर ऑफिसर माघातल्या स्पर्धेला येणार होते. गिरणीच्या संघात एक जागा होती, आणि ज्याला ती मिळेल तो परमनंट. आनंदाची चढाई विजेसारखी, पण परतताना डावीकडे वळला की त्याचा डावा पाय मागे राहायचा. तेवढा पाय कुणी सुधारला असता की झालं असतं.

म्हणजे चांगला वस्ताद सगळ्यांत जास्त हवा होता तो नानांनाच.

महिनाभर आमच्या गॅलरीत वस्तादाची निवड चालली. मला ओले कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. पहिलं नाव आलं ठाकूरद्वारच्या लेले मास्तरांचं. शाळेत ड्रिल शिकवायचे, नियमांचं पुस्तक तोंडपाठ. ते येऊन गेले, नाकाला रुमाल लावून मैदान बघितलं, आणि हुतूतू म्हणू नका, कबड्डी म्हणा, असं सांगून गेले. एक जण म्हणाला, कोकणातले तर आहेत. नाना म्हणाले, त्यांचं कोकण वेगळं. मग वरळी कोळीवाड्यातला एक निघाला. छाती अशी, की समुद्रात बुडी मारली तर माणसं रडायला लागतील तेव्हा वर येणार. त्याला मासळीचा वास येतो म्हणून नको म्हटलं. म्हणणाऱ्याच्या घरात त्याच दिवशी बांगडे तळले होते, वास माझ्या खोलीपर्यंत. साताऱ्याचा एक पहिलवान होता, तो घाटी. दुसरा एक लाल बावट्याचा नव्हता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र सगळ्यांना पाहिजे होता, पण वस्ताद आमच्या देवगडच्या पलीकडचा नको होता.

शेवटी नानांच्या गावचा गुणाजी घाडी उरला. साचे खात्यात होता. पंधरा वर्षांपूर्वी गावच्या जत्रेत त्याने एका चढाईत तीन गडी मारले होते. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तीन होते. बैठका संपेपर्यंत सात झाले.

आणि दौलत गमरेचं नाव कुणी काढीना. दौलत भोईवाड्याचा, रिंग खात्यात कामाला. रामजींच्या हाताखाली नऊ वर्षं संघनायक. गुडघा गेल्यावर तो रोज संध्याकाळी येऊन पोरांना शिकवत होता, आनंदाचा डावा पाय त्यानेच हातात घेतला होता. वस्तादांच्या मनात तोच होता, हे शेंबडं पोरही सांगेल. आदल्या वर्षीच्या दसऱ्याला तो नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. त्याच्या आधी तो कोण होता, तेही सगळ्यांना माहीत होतं. खेळताना हातात हात गुंफून साखळी करायची असते. त्या साखळीत दौलतचा हात नऊ वर्षं चालला.

एका रविवारी सकाळी शेवटची बैठक भरली. वस्तादांची बायको राधाबाई तेव्हा अस्थी घेऊन गावी गेली होती. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. दौलतला बोलावलेलं, तो कठड्याला टेकून उभा. आनंदाने सरळ त्याचं नाव घेतलं. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग नानांनी दौलतची अशी स्तुती केली, की मला वाटलं आता हार घालतात. दौलत आपलाच, त्याच्याबद्दल वावगं बोलेल त्याची जीभ झडेल. निवडणुकीत भोईवाड्याने समितीला कशी मतं दिली, तेही झालं. आणि मग आवाज खाली आणून म्हणाले,

“फक्त एकच. नारळ वस्तादानेच फोडायचा, हा रिवाज. तू फोडशील, दौलत?”

 दौलतने राधाबाईच्या बंद दाराकडे बघितलं.  मग म्हणाला, “नाही नाना. मी प्रतिज्ञा घेतलीय. देवापुढे नारळ फोडणार नाही.”

आनंदा म्हणाला, “नारळ मी फोडतो ना. वस्ताद दौलतदादा, नारळ माझ्याकडे.”

पण नानांनी हात वर केला. रिवाज म्हणजे रिवाज. वस्तादांनी नऊ वर्षं स्वतःच्या हाताने फोडला म्हणून मंडळ टिकलं, दुसऱ्याचा हात लागला तर देव कोपेल. सगळ्यांनी माना हलवल्या. चेहऱ्यावर काय समाधान! ‘नाही’ कुणालाच म्हणावं लागलं नव्हतं, ते दौलतने स्वतःच म्हटलं होतं. आमच्या ह्यांनीही मान हलवली. मी घरात त्यांना फैलावर घेतलं, पण बाहेर दारात बसले होते तेव्हा माझंही तोंड शिवलेलं होतं, खोटं कशाला सांगू.

दौलत चपला घालून खाली उतरला. दुसऱ्या आठवड्यापासून तो भोईवाड्याच्या पोरांना शिकवायला लागला. आनंदा म्हणाला, मी तिकडे जाऊन पाय तेवढा सुधारून येतो. नानांनी बजावलं, परक्या मंडळात पाऊल टाकलंस तर तू माझा मुलगा नाहीस. आनंदा गेला नाही. बापाचं ऐकणारा होता, तेच त्याचं चुकलं.

गुणाजी वस्तादाने पोरांना काय शिकवलं? बिडी ओढत उभा राहायचा आणि म्हणायचा, मारुतीचं नाव घे आणि घुस. नारळ फोडायचा सराव मात्र त्याने मन लावून केला. आठवड्यात चार नारळ. चाळीत घरोघर सोलकढी झाली.

स्पर्धेच्या दिवशी गुणाजीने एका फटक्यात नारळ फोडला. नानांनी मोठा तुकडा खाल्ला आणि करवंटी खिशात घातली. परळच्या मैदानात पहिलाच सामना पडला तो भोईवाड्याशी. लेबर ऑफिसर खुर्चीवर, हातात कागद. आम्ही बायका दोरीच्या बाहेर. शेवटी दोन गुण पाहिजे होते आणि आनंदा चढाईला गेला. दोघांना शिवला. नाना उभे राहून ओरडले, झाला, परमनंट झाला! आनंदा परतायला डावीकडे वळला, आणि भोईवाड्याच्या एका काटक पोराने त्याचा डावा घोटा धरला. रेषा हातभर पुढे होती. त्याचा दम तिथेच तुटला.

ऑफिसरांनी कागदावर नाव लिहिलं, ते त्या काटक पोराचं. दौलत मैदानात आला, आनंदाला हाताला धरून उठवलं, त्याच्या पाठीची माती झटकली. म्हणाला, “अजून पाय उशिरा उचलतोस. तुला सांगितलं होतं मी.”

संध्याकाळी गॅलरीत पुन्हा सगळे जमले. वाटलं होतं, नानांना आज तरी तोंड उघडायची लाज वाटेल. कसलं काय. नानांचं म्हणणं, पोराची चूक नाही, गुणाजीचीही नाही, देवाचं काहीतरी राहिलं. गेल्या साली आपण अंतिम सामन्यात होतो. नऊ वर्षांत जे झालं नाही, ते यंदा काय वेगळं झालं?

राधाबाई दोनच दिवसांपूर्वी गावाहून परतली होती. ती पदर सावरून आपल्या दारात उभी राहिली.

“मी सांगते काय वेगळं झालं,” ती म्हणाली. “ह्यांचा उजवा पंजा एकेचाळीस साली गिरणीच्या पट्ट्यात चेंगरला. त्या हातात पाण्याचा तांब्या राहत नव्हता, म्हणून तो खिशात असायचा. नारळ दौलत फोडायचा. कुणाला सांगणार नाही, असा त्याने ह्यांना शब्द दिला होता. गेल्या साली दीक्षेनंतर तो नाही म्हणाला, तर मी घरी वरवंट्याने फोडून फडक्यात बांधून दिला. नाना, तुमच्या माळेतल्या आठ त्याच्या, नववी माझी. यंदा पहिल्यांदा वस्तादाने फोडला.”

अगं बाई! बाईमाणसाने नारळ फोडायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासून घोकवलेलं. नानांनी त्याच नारळाचा मोठा तुकडा खाऊन वर्षभर दम्याला उतार असल्याचं सांगितलं होतं. मला हसू आलं, पण आनंदाच्या तोंडाकडे बघितलं आणि ते गेलं.

सगळे दारावरच्या माळेकडे बघत होते.  नानांनी खिशातली यंदाची करवंटी चाचपली. मग म्हणाले, “पण मला काय माहीत?”

आनंदा म्हणाला, “बाबा, मी म्हटलं होतं, नारळ मी फोडतो.”

एवढंच बोलून तो खोलीत गेला. गुणाजीने बिडी विझवली. एकेक करून सगळे उठले, आणि गॅलरी मोकळी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गिरणीकडे निघाले. गेटबाहेर बदलीवाल्यांचा घोळका होता, त्यात आनंदा, डाव्या घोट्याला हळद बांधलेली. मागून नाना आले. रोज ते त्याच्याकडे बघून नुसती मान हलवायचे आणि आत जायचे. त्या दिवशी थांबले. डबा या हातातून त्या हातात केला. 

आनंदानेच सांगितलं, “तुम्ही जा बाबा. भोंगा झाला.”

नाना आत गेले.